स्पेनला जाताय? आधी जेवायची वेळ बदला

आमच्या ओळखीतले जे जे स्पेनला जाऊन आले त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच, की संध्याकाळी साडेसहाला पोटात कावळे ओरडतायत आणि एकही हॉटेल धड जेवायला देत नाही, मग काय, बर्गर खाऊन झोपलो. आमचंही पहिल्या ट्रिपला हेच झालं होतं. तेव्हा नवऱ्याचं ऑफिसचं काम होतं व्हॅलेन्सियाला, मार्च महिना होता आणि मी शेपटासारखी मागे गेले होते. दुसऱ्यांदा मात्र गणपती आटोपून घरचे सगळे निघालो, आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, ज्या अंडंसुद्धा खात नाहीत आणि ज्यांचे गुडघे जिना दिसला की बोलायला लागतात. बारा रात्री राहिलो, एक दिवसही कोणी उपाशी झोपलं नाही आणि कोणी चिडलं पण नाही, आणि याचं सगळं श्रेय मी एकाच गोष्टीला देते, आम्ही त्या देशाच्या घड्याळाने वागलो. खाली सगळं त्याच क्रमाने लिहितेय ज्या क्रमाने तुम्हाला कामं करावी लागतील, मध्ये भरकटले तर सांभाळून घ्या.

१. कधी जायचं आणि किती शहरं धरायची

जुलै-ऑगस्ट टाळा. दक्षिणेकडे सेव्हिल आणि कोर्दोबाला तेव्हा पारा ४० च्या वर जातो आणि आपण नागपूरचा उन्हाळा काढलाय वगैरे तिथे कामाला येत नाही, कारण नागपुरात आपण भर दुपारी दगडी गल्ल्यांमधून चार तास चालत नसतो. एप्रिल-मे नाहीतर मिड-सप्टेंबर ते ऑक्टोबर मस्त. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच जमत असेल तर उत्तमच, कारण मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोर्दोबामध्ये पातिओंचा उत्सव असतो, म्हणजे लोक आपापल्या घरांचे मधले चौक उघडे ठेवतात, भिंतीवर वरपासून खालपर्यंत कुंड्या टांगलेल्या, मधोमध हौद किंवा विहीर, आपल्या जुन्या वाड्याच्या चौकाला कोणी जीव लावून नटवलं तर कसा दिसेल तसं. २०१२ पासून हा युनेस्कोच्या यादीत आहे.

शहरं चारच्या वर नको. आमचं असं होतं: बार्सिलोना ४ रात्री, माद्रिद ३, सेव्हिल ३, ग्रानाडा २. माद्रिदहून सेव्हिलला जाताना वाटेत कोर्दोबाला सकाळी उतरायचं, सामान लॉकरमध्ये टाकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे. विमानाचं तिकीट जाताना बार्सिलोनाचं आणि परतताना दक्षिणेकडून, मालागाहून घ्या, म्हणजे शेवटचा एक दिवस उलटं परत जाण्यात फुकट जात नाही. दहा दिवसात स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही 'करणाऱ्या' टूर असतात, ज्यांना बसच्या खिडकीची आवड आहे त्यांनी खुशाल जावं.

२. व्हिसा

यावर फार लिहीत नाही, माहिती सगळीकडे मिळते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, तो लागतो, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून ते १५ दिवस आधीपर्यंत करता येतो, पण १५ दिवसांवर अवलंबून राहू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान ३ महिने चालू हवा आणि दोन पानं कोरी. दुसऱ्या देशालाही जाणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे अर्ज करायचा, यात हुशारी करायला जाऊ नका.

३. तिकिटं, आणि कुठलं आधी काढायचं

इथे बहुतेक जण चुकतात, मीसुद्धा चुकले. विमान आणि हॉटेल झालं की लोक निवांत होतात, आणि मग जायच्या आठवड्यात कळतं की अल्हाम्ब्रा, म्हणजे ग्रानाडाचा राजवाडे आणि बागांचा किल्ला, फुल आहे. सगळ्यात आधी ग्रानाडाच्या अल्हाम्ब्राचं तिकीट काढायचं, दोन-तीन महिने आधी, आणि त्या तारखेभोवती बाकीची ट्रिप बसवायची. अल्हाम्ब्राच्या तिकिटात दोन प्रकार असतात, एकात नासरीद राजवाडे, म्हणजे तिथल्या जुन्या मुस्लिम सुलतानांचे, ते धरून सगळं, दुसऱ्यात फक्त बागा आणि किल्ला. दिसायला सारखीच दिसतात. मी घाईघाईत एका दलाल वेबसाइटवरून जास्त पैसे देऊन चार तिकिटं घेतली आणि ती बागांवाली निघाली, पैसे परत नाहीत, मग अधिकृत साइटवर पुन्हा घेतली. त्यामुळे तिकिटावर 'नासरीद' शब्द आणि त्याच्यापुढे वेळ छापलेली आहे का हे डोळे फाडून बघा. प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर तिकिटात जातो, आणि आत तीन-चार ठिकाणी ओरिजिनल पासपोर्ट बघतात, तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. राजवाड्याची वेळ चुकली तर आत सोडत नाहीत, विनवण्या करून उपयोग नाही.

दुसरं तिकीट बार्सिलोनाच्या सग्रादा फॅमिलिया या चर्चचं, हेही वेळेवारीच आहे. मग बार्सिलोनाचंच पार्क ग्वेल, सेव्हिलचा आल्काझार राजवाडा. शेवटी रेल्वे. तिथली फास्ट ट्रेन म्हणजे आवे, बार्सिलोना ते माद्रिद सहाशेच्या वर किलोमीटर अडीच-पावणेतीन तासात, आणि त्याच रुळांवर आता ओइगो आणि इर्यो या स्वस्तातल्या गाड्याही धावतात, लवकर काढलं तर तिकीट निम्म्याहून कमी पडतं. स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा, सामान स्कॅनरमधून जातं आणि गाडी सुटायच्या दोन-चार मिनिटं आधी गेट बंद होतं, आपल्यासारखं धावत्या गाडीला लटकायची सोय नाही.

४. आता घड्याळ

नकाशा काढून बघा, स्पेन इंग्लंडच्या बरोबर खाली आहे, पण वेळ मात्र जर्मनीची पाळतो. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळ तासभर पुढे केलं ते आजतागायत तसंच आहे. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला रात्री पावणेदहापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि जेवणं पण तशीच सरकलेली. दुपारचं जेवण २ ते ४, रात्रीचं ९ नंतर. मधल्या वेळात हॉटेलं उघडी दिसतात, बिअर-कॉफी मिळते, पण किचन बंद. साडेसातला गरमागरम जेवण देणारं हॉटेल सापडलं तर समजायचं ते फक्त टुरिस्टांसाठीच आहे.

आमचा दिवस असा ठरला. सकाळी साडेआठला बाहेर, नाश्ता पाव-टोमॅटो आणि कॉफी, दुपारी दीडपर्यंत जे काय बघायचं ते बघून घ्यायचं. दोन वाजता मुख्य जेवण, आणि तेही 'मेनू देल दिया' म्हणजे दिवसाची थाळी समजा, एक सुरुवातीची डिश, एक मेन, पाव, एक ड्रिंक, शेवटी गोड किंवा कॉफी, बहुतेक गावात १२ ते १६ युरोत. हे पाटीवर खडूने लिहिलेलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी फक्त सोमवार ते शुक्रवार दुपारीच मिळतं. रात्री तेवढ्याच पैशात एक डिश येते. मग हॉटेलवर जाऊन वामकुक्षी, सासूबाईंचे पाय वर, मुलाचा मोबाइल, सहाला परत बाहेर, सात-साडेसातला काहीतरी तोंडात टाकायचं आणि नऊ-साडेनऊला तापास, म्हणजे छोट्या छोट्या डिश. पहिले दोन दिवस जेटलॅगमुळे हे जड जातं पण तिसऱ्या दिवशी मुलगाच विचारायला लागला की आज रात्री बाहेर कधी निघायचं. रात्री अकरा वाजता चौकात आजी-आजोबा बाकावर गप्पा मारतायत आणि बारकी पोरं फुटबॉल खेळतायत हे दृश्य बघितल्याशिवाय स्पेन बघितलं असं मी तरी म्हणणार नाही.

५. खाणं, आणि शाकाहारी माणसाचं काय

'व्हेज' हा शब्द तिथे फार ढिला आहे. कार्ने म्हणजे मांस, आणि खूप लोकांच्या मते खामोन, म्हणजे ते वाळवलेलं डुकराचं मांस, यात येतच नाही, ते जणू मीठ-मिरीसारखं वरून भुरभुरवायची वस्तू आहे. आणि ट्यूना तर काय, मासा! सेव्हिलमध्ये एका कॅफेत 'वेखेताल' नावाचं सँडविच मागवलं, नावातच भाजी म्हणून विश्वास ठेवला, सासूबाईंनी वरचा पाव उचलून बघितला म्हणून वाचलो, आत ट्यूना आणि उकडलेलं अंडं. त्यामुळे हे वाक्य पाठ करा किंवा फोनमध्ये लिहून दाखवा: 'सोय वेखेतारियाना, नो कोमो कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो, नी वेवो.' पेस्कादो म्हणजे मासा, वेवो म्हणजे अंडं. पुरुषांनी वेखेतारियानो म्हणायचं. आणि एखाद्या डिशबद्दल शंका असेल तर बोट दाखवून 'येवा खामोन?' म्हणजे यात खामोन आहे का. अहो, कधीकधी साध्या वाटाण्याच्या भाजीत पण असतं.

काय मिळतं ते सांगते. पान कोन तोमाते, भाजलेल्या पावावर लसूण घासायची, मग अर्धा टोमॅटो घासायचा, ऑलिव्ह ऑइल आणि मीठ, बस. पातातास ब्रावास म्हणजे तळलेले बटाटे आणि तिखट सॉस, सोबतच्या पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असतं तेवढं वेगळं मागा. पिमियेन्तोस दे पाद्रोन, छोट्या हिरव्या मिरच्या तळून जाड मीठ टाकलेल्या, बहुतेक गोड्या असतात आणि मधूनच एखादी भन्नाट तिखट, आमच्याकडे ती कोणाला येते यावर पैज लागायची. दक्षिणेत बेरेन्खेनास कोन मिएल, वांग्याचे काप तळून वर उसाची काकवी. गास्पाचो गार टोमॅटोचं सूप, कोर्दोबाचं साल्मोरेखो त्याचाच दाट भाऊ, पण त्यावर खामोन आणि अंडं भुरभुरवतात म्हणून आधीच 'सिन खामोन, सिन वेवो'. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, अंडं चालणाऱ्यांनी हे रोज खाल्लं तरी चालेल, आतून थोडं ओलसर असेल तर ते चांगलं हॉटेल.

आणि सेव्हिलचं एस्पिनाकास कोन गारबान्सोस. छोट्या मातीच्या वाटीत येतं, पालक आणि छोले, लसणीची फोडणी, वर तळलेल्या पावाचा तुकडा. सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'अगं जिरं आहे यात.' खरंच असतं जिरं, अरबांच्या काळापासून आहे असं सांगतात. त्या बाईंनी पुढचे तीन दिवस दुपारी तेच मागवलं, आणि वेटर चौथ्या वेळेला आम्हाला न विचारताच घेऊन आला. पोळी मिळाली असती तर त्या तिथेच राहिल्या असत्या.

मांसाहारी मंडळींना काय सांगायचं, त्यांच्यासाठी हा देश म्हणजे चंगळ आहे. खामोन खायचंच असेल तर 'इबेरिको दे बेयोता' घ्या, त्या डुकरांना शेवटचे काही महिने ओकची फळं खायला रानात सोडतात, हाताने इतके पातळ काप काढतात की आरपार दिसेल. माद्रिदला प्लासा मायोरच्या आसपास कालामारेसचं सँडविच, म्हणजे तळलेल्या माकुळाच्या रिंगा पावात घालून, वर काही नाही, आपला वडापावाचा नातेवाईकच. जायला जमलं तर उत्तरेत सान सेबास्तियानला बारच्या काउंटरवर मांडलेले पिंचोस, म्हणजे पावाच्या तुकड्यावर रचलेले छोटे घास, एका बारमध्ये एकच खायचा आणि पुढच्या बारमध्ये जायचं, बसून पोट भरायचं नाही.

पाएया हा वेगळा विषय आहे. पाएला म्हणू नका आधी, दोन एल म्हणजे य. ही व्हॅलेन्सियाची भाताची डिश, तिथे ओरिजिनलमध्ये कोंबडी, ससा, चपट्या फरसबीच्या शेंगा, मोठे पांढरे वाल आणि केशर, समुद्रातलं काहीही नाही. आणि ते दुपारचं जेवण आहे, रात्री तिथला माणूस पाएया खात नाही. बाहेर रंगीत फोटोंचा बोर्ड असेल तर पुढे चला, ती फ्रीझरमधली असते. खरी असेल तर मागवल्यावर अर्धा तास लागतो, कमीत कमी दोघांची करतात, आणि तळाला लागलेली खरवड, तिला सोकारात म्हणतात, ती सगळ्यात मानाची. आमच्या आजीच्या पितळी पातेल्यातल्या भाताची खरवड आठवली मला, तिच्यावरून भावंडांत व्हायची तशीच मारामारी तिथेही होते, शेजारच्या टेबलावर दोन पन्नाशीचे गृहस्थ चमच्याने तवा खरवडत होते. भाज्यांची पाएया मिळते, फक्त पाणी कुठलं घातलंय, म्हणजे चिकनचं की भाज्यांचं, हे विचारा.

ओर्चाता जरूर प्या. चुफा नावाचे बारके कंद भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून केलेलं गार पांढरं पेय, दूध अजिबात नाही. हे आपल्या नागरमोथ्याच्या कुळातलं गवत आहे आणि हे कंद त्याच्या मुळांना येतात. बार्सिलोनात एका दुकानात सासूबाईंना हे समजावून सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, 'कंद म्हणजे उपासाला चालेल की.'

माद्रिदला चुरोस, सान खिनेस नावाच्या १८९४ सालच्या दुकानात. आपल्या चकलीच्या सोऱ्यासारख्याच चांदणीतून पीठ सरळ तेलात सोडतात, आणि सोबतचं चॉकलेट एवढं घट्ट की चमचा उभा राहतो. रात्री बाराला गेलात तरी रांग असेल.

पाणी फुकट मिळतं हे खूप जणांना माहीत नसतं. २०२२ च्या कायद्याने हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यायलाच हवं, 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा. नुसतं आग्वा म्हटलं की बाटली येते आणि बिलात चढते. टिप सक्तीची नाही, सुट्टे पैसे ठेवले तरी खूप.

६. काय बघायचं: सगळं नाही, मला महत्त्वाचं वाटलं ते

बार्सिलोनात सग्रादा फॅमिलिया. काम १८८२ ला सुरू झालं, पुढच्याच वर्षी आर्किटेक्ट गाउदीने हातात घेतलं आणि १९२६ मध्ये ट्रामने उडवल्यावर तो गेला, कपडे इतके साधे होते की लोकांना तो भिकारी वाटला. तळघरात त्याची समाधी आहे. बाहेरून सगळेच फोटो काढतात, पण पैसे देऊन आत जायलाच हवं. आत खांब झाडांसारखे वर जाऊन फुटतात, आणि पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी. म्हणून तिकीट संध्याकाळी चार-पाचचं घ्या, ऊन पश्चिमेकडून येतं आणि अख्खी जमीन पेटल्यासारखी होते. आमचं पोरगं त्या लाल उजेडात हात पालथा-उलथा करून बघत अर्धा तास उभं होतं, तेही मोबाइलशिवाय. टॉवरचं जास्तीचं तिकीट मला तरी फार वसूल वाटलं नाही, उतरताना अरुंद गोल जिना आहे, गुडघेवाल्यांनी विषय सोडा.

माद्रिदला प्रादो म्युझियम सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ फुकट असतं. रांग मोठी दिसते पण सरकते. दोन तासात सगळं बघायचा हट्ट नको, वेलाथकेसचं १६५६ चं 'लास मेनिनास' आणि गोयाची काळी चित्रं, एवढं केलं तरी जीव भरतो. दुसऱ्या दिवशी रेइना सोफियाला पिकासोचं 'गेर्निका', जवळपास पावणेआठ मीटर लांब, १९३७ च्या बाँबहल्ल्यावरचं. मंगळवारी हे म्युझियम बंद असतं, आणि एकूणच स्पेनमध्ये सोमवार-मंगळवार काय बंद आहे ते आदल्या रात्री बघून ठेवा. माद्रिदहून अर्ध्या-पाऊण तासात तोलेदो होतं, वेळ असेल तर सेगोव्हियाचा रोमन जलसेतूही, २८ मीटर उंच आणि दगडांमध्ये चुना-बिना काही नाही, नुसते एकमेकांवर रचलेले, दोन हजार वर्षांच्या आसपास उभा आहे.

कोर्दोबाची मेस्कीता. आठव्या शतकात सुरू झालेली मशीद, साडेआठशेच्या आसपास खांब, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, आणि या सगळ्याच्या बरोब्बर मध्ये सोळाव्या शतकात घुसवलेलं कॅथेड्रल. विचित्र वाटतं, खटकतं पण, आणि डोक्यातून जात नाही. सकाळी साडेआठ ते साडेनऊ, रविवार सोडून, प्रवेश फुकट असतो आणि गर्दी नसते.

सेव्हिलमध्ये कॅथेड्रल आणि त्याला लागून असलेला हिराल्दा मनोरा, ही मूळची मशिदीची मीनार. वर जायला जिना नाही, ३५ उतार आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेले, अगदी शेवटी थोड्या पायऱ्या. सासूबाई दम खात खात वरपर्यंत आल्या आणि नंतर घरी फोनवर सगळ्यांना सांगत होत्या. आल्काझार दीड-दोन तास, आणि १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लासा दे एस्पान्या हा चौक संध्याकाळी. रस्त्यावरची संत्री तोडून खाऊ नका, कडू असतात, त्यांचा मुरांबा होतो. आम्ही खाल्ली, म्हणून सांगतेय.

अल्हाम्ब्रासाठी सकाळचा पहिला किंवा दुसरा स्लॉट. आत गेल्यावर लोक वर छताकडे बघत चालतात आणि एकमेकांवर आपटतात, तुम्ही एका भिंतीपाशी थांबा. प्लास्टरमध्ये अरबी अक्षरांची एकच ओळ हजारदा कोरलेली आहे, अल्लाहशिवाय विजयी कोणी नाही. आणि हे राजवाडे ज्या सुलतानांचे, त्यांना २ जानेवारी १४९२ ला चाव्या देऊन निघून जावं लागलं. सिंहांच्या चौकात १२ दगडी सिंह, त्यांच्या तोंडातून पाणी, ते जमिनीतल्या बोटभर रुंद पाटाने खोल्यांच्या आतपर्यंत येतं. तिथे कोणी बोलत नसेल तेव्हा फक्त पाण्याचा आवाज येतो. गर्दीत ते एक मिनिट मिळायला नशीब लागतं, आम्हाला मिळालं कारण एक मोठा ग्रुप नुकताच पुढे सरकला होता. संध्याकाळी समोरच्या आल्बाइसिन वस्तीत सान निकोलासच्या चौकातून हाच किल्ला लाल होताना बघा, आणि रात्री ग्रानाडातल्या बऱ्याच बारमध्ये ड्रिंकसोबत तापा फुकट येतो, आधीच शाकाहारी सांगून ठेवलं तर तेवढं करतात बिचारे.

७. नुसतं बघण्यापलीकडचं

बार्सिलोनाला २४ सप्टेंबरच्या आसपास गेलात तर ला मेर्से उत्सव सापडेल आणि त्यात कास्टेल, म्हणजे मानवी मनोरे. आपल्याला थर नवीन नाहीत, कातालान पथकं मुंबई-ठाण्याच्या दहीहंडीला येऊनही गेली आहेत, तरी जा. फरक बघण्यासारखा आहे. पांढरी पँट, पथकाच्या रंगाचा शर्ट, कमरेला काळा लांबलचक पट्टा, तो एकजण धरतो आणि दुसरा गिरक्या घेत स्वतःला त्यात गुंडाळतो, वर चढणारे त्याच पट्ट्यावर पाय रोवतात. ग्राया नावाचं सनईच्या जातीचं वाद्य वाजायला लागतं, ते ऐकून न बघताच कळतं की मनोरा कुठवर आलाय. सगळ्यात वर हेल्मेट घातलेलं सहा-सात वर्षांचं पोर, ते एक हात वर करतं, क्षणभरच, आणि पलीकडून उतरायला लागतं. हंडी नाही, पाणी नाही, डीजे नाही. आणि लोक खरा जल्लोष करतात तो मनोरा न कोसळता खाली उतरला की, नुसता रचला आणि पडला तर मान कमी. तळाला जी गर्दी दाबून उभी असते तिला पिन्या म्हणतात, तीत कधीकधी बघ्यांनाही घेतात. आमचे हे कॉलेजात असताना ठाण्यात खालच्या थराला असायचे, यांना कोणीतरी खांद्याला धरून आत ओढलं, समोरच्याच्या पाठीवर हात, मान खाली. बाहेर आले तेव्हा शर्ट घामाने चिंब आणि चेहरा वीस वर्षांनी तरुण.

फ्लामेन्को, म्हणजे दक्षिणेकडचं गाणं-नाच, जेवणासकट असलेल्या मोठ्या शोमध्ये बघू नका. पन्नास-साठ खुर्च्यांची जागा शोधा, सेव्हिलला त्रियाना भागात किंवा ग्रानाडाला साक्रोमोन्तेच्या गुहांमध्ये, तासाभराचा शो, साधारण २० ते ३० युरो. पुढची रांग मिळाली तर पायाखालची फळी थरथरते. नाचापेक्षा गाण्याकडे लक्ष द्या, मूळ तेच आहे. टाळ्यांचा ठेका त्यांचे लोक धरतात, आपण धरायचा नाही, चुकतो. दाद 'ओले' म्हणून द्यायची, समेवर आल्यावर बैठकीत 'वाह' निघते तसं ते आपोआप निघतं. हे गाणं घडवण्यात मोठा वाटा गितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांचा, आणि रोमा लोकांचे पूर्वज वायव्य भारतातून गेलेले, त्यामुळे त्या पदन्यासात कथ्थक दिसलं तर तुम्ही एकटे नाही.

व्हॅलेन्सियाला मार्चमध्ये फायास नावाचा उत्सव. १ ते १९ मार्च रोज दुपारी २ ला टाउन हॉलच्या चौकात मास्क्लेता होतं, म्हणजे भर उन्हात फटाके, बघायला काही नाही, फक्त ऐकायला. शेवटच्या मिनिटात आवाज छातीत येतो, तोंड उघडं ठेवायचं असं शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितलं. १९ च्या रात्री महिनोनमहिने खपून केलेले कागदी-लाकडी महाकाय पुतळे पेटवून देतात.

टोमॅटोवाला खेळ, त्या तीन मित्रांच्या हिंदी पिक्चरमुळे प्रत्येकजण विचारतो. बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी, फक्त एक तास, २०१३ पासून तिकीट. जुने कपडे, पाण्याखालचा गॉगल, आणि टोमॅटो फेकण्याआधी हातात चेचायचा हा नियम आहे. बैलांची झुंज मी बघितली नाही, बघायची इच्छाही नाही.

पाम्प्लोनाकडे गेलात तर तासाभरावर खाबिएरचा किल्ला आहे. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते सेंट झेवियर इथे १५०६ साली जन्मले, झेवियर हे गावाचंच नाव. मार्चमध्ये नाबारा या तिथल्या प्रांतातले लोक तिथे पायी चालत जातात. आणि ज्यांनी पंढरीची वारी केली आहे त्यांनी कामिनो दे सान्तियागो या पायी यात्रेचा विचार जरूर करावा, सारियाहून सान्तियागो सव्वाशेच्या आत किलोमीटर, पाच-सहा दिवस, पिवळे बाण बघत चालायचं, मुक्कामाला शिक्का घ्यायचा, निदान शेवटचे १०० किलोमीटर पायी झाले की प्रमाणपत्र. समोर येणारा प्रत्येक जण 'बुएन कामिनो' म्हणतो, जसं आपण माउली म्हणतो. आम्ही अजून केलं नाही, सासूबाईंनी मात्र गुडघ्याचं ऑपरेशन करायला होकार दिलाय.

८. खिसा आणि परतीची बॅग

बार्सिलोनात पाकीटमार आहेत आणि ते कलाकार आहेत. मारहाण नाही, फक्त हातसफाई. रामब्ला रस्त्यावर, मेट्रोच्या दारात, आणि बाहेरच्या टेबलावर ठेवलेला फोन तर गेलाच समजा. बॅग पुढे, मागच्या खिशात काही नाही, कोणी 'तुमच्या शर्टावर घाण पडलीय' म्हणत पुसायला आलं तर तिथून चालू पडा. कार्ड सगळीकडे चालतं, मशीनने रुपयात की युरोत विचारलं तर युरोच दाबा, रुपयात ते स्वतःचा रेट लावतात.

येताना पिमेन्तोन दे ला वेरा आणा, ओकच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, पत्र्याच्या छोट्या डबीत येते, दोन-तीन युरो. गोडी आणि तिखट अशा दोन्ही मिळतात, 'दुल्से' आणि 'पिकान्ते'. आमच्याकडे सध्या ती उकडलेल्या बटाट्याच्या भाजीत पडते. केशर ला मान्चाचं घ्या, तुरोन ही बदामाची मिठाई घ्या, ऑलिव्ह ऑइल चेक-इन बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून. टॅक्स परत मिळवायला खरेदीची कमीत कमी रक्कम नाही, फक्त दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म मागून घ्यायचा आणि एअरपोर्टवर डिवा नावाच्या मशीनवर तो स्कॅन करायचा, बॅग चेक-इन करायच्या आधी, नंतर नाही, कारण कधी माल दाखवा म्हणाले तर तो तेव्हा पट्ट्यावरून विमानात गेलेला असतो.